बायकोचा बांध आणि पोराची बसकी गाडी

आमच्या दारासमोरचा गतिरोधक सरकारनं केलेला नाही. तो माझ्या बायकोनं केला.

आम्ही मारुंजीचे जुने शेतकरी. घरामागं टॉवरचं काम निघालं, तसे आमच्या रस्त्यानं पाण्याचे टँकर आणि काँक्रीटचे मिक्सर दिवसभर पळायला लागले. एका टँकरखाली तिची कोंबडी गेली. अंड्यावरची होती. बायको दोन दिवस नीट जेवली नाही. दुःख कमी आणि राग जास्त. तिसऱ्या दिवशी माल टाकून परत चाललेल्या एका मिक्सरला ती आडवी उभी राहिली. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, हिला हिंदी येत नव्हतं. तरी तिनं त्याला पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि त्यानं तळाशी उरलेलं काँक्रीट आमच्या दारात ओतलं. मग हिनं फावडं घेतलं. जन्मभर शेतात बांध घातलेली बाई, तिनं रस्त्यावरही बांधच घातला. तिच्या वितीनं वीतभर. माझ्या वितीनं तीन बोटं कमी भरतो, मोजलाय मी.

"अगं, एवढा उंच कशाला?" मी बाजेवरूनच विचारलं.

"तुमाला काय करायचंय? तुमी कुटं उठून जाताय?"

खरं होतं ते. मी उठत नव्हतो. मळ्यात उठायचो, म्हशीसाठी उठायचो, बायकोसाठी कधी उठलो नाही. मागल्या वर्षी एका सकाळी चहा उतू गेल्याचा वास आला. मी बाजेवरून दोनदा ओरडलो. उठलो तिसऱ्यांदा ओरडून झाल्यावर. ती चुलीपाशी पडली होती. डॉक्टर म्हणाला, लवकर आला असता तरी काही झालं नसतं. डॉक्टर चांगला माणूस आहे.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. चार कावळे समोरच्या पत्र्यावर बसून आमच्याकडं बघत होते. आपल्यात अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करू म्हणून शब्द द्यायचा असतो. पोरगा म्हणाला, "आई, आबांना सांभाळीन." कावळा हलला नाही. सून म्हणाली, "पोरीला शिकवीन." नाही. बायकोची बहीण म्हणाली, "तुझ्या पाटल्या नातीलाच देऊ." एका कावळ्यानं तर पाठ फिरवली. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मी म्हणालो, "तुझा बांध कुनाला फोडू देणार न्हाई." कावळा खाली आला आणि भाताचा गोळा घेऊन गेला.

आता यात कोणाला हसायचं असेल त्यानं हसावं. मी शब्द देऊन बसलो.

पुढं दोन महिन्यांत पोरानं गाडी आणली. तो चाकणला कंपन्यांना कामगार पुरवतो. गावातल्या बाकी सगळ्यांच्या गाड्या काळ्या, उंच, बैलगाडीत चढल्यासारखं चढावं लागतं अशा. यानं आणली इलेक्ट्रिक, लांबलचक आणि बसकी. जमिनीला पोट लावून चालणारी. आणि त्या पोटातच म्हणे सगळी बॅटरी. म्हशीच्या गोठ्यात दावण होती तिथं चार्जर लावला. म्हशी विकल्यावर गोठा रिकामाच होता.

पहिल्याच दिवशी गाडी बांधावर घासली. असा आवाज आला की पोराचा चेहरा बाप मेल्यासारखा झाला. बाप शेजारीच बसला होता.

मग कळलं, गाडी वर उचलता येते. चाकांपाशी स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या आहेत, पडद्यावर बोट लावलं की त्यात हवा भरते. बांधाच्या अलीकडं थांबायचं, बोट लावायचं आणि वाट बघायची. फुस्स करत आधी मागून उठते, मग पुढून. म्हैस उठते तशीच. तोवर मागं टँकरांची रांग लागते.

एवढं करूनही सून आणि नात खाली उतरायच्या, मलाही उतरवायचे. वजन कमी व्हावं म्हणून. शोरूमचा माणूस एकदा घरी आला होता. तो म्हणाला, "काका, उतरायची गरज नाही. ओझं वाढलं की ती जादा हवा भरून घेते, उंची तेवढीच राहते." सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी सगळे परत उतरलो. सून साडी सावरत बांध ओलांडायची आणि पलीकडं गाडीत बसायची. भाड्यानं राहणारी आयटीतली पोरं गॅलरीतून बघायची.

शेवटी पोरगा वैतागला. "आबा, बांध फोडायला मी ब्रेकर मशीन बोलावतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

"तुझ्या आईला शब्द दिलाय."

"तुमी कावळ्याला दिलाय."

"तोंड सांभाळ."

"बरं, वर्षश्राद्धापर्यंत थांबतो. तोवर एकदा जरी घासली तर बांध फोडणार. मग कावळ्याचं मी बघतो."

मी शोरूमच्या माणसाला परत बोलावलं. फोन लावून दिला सुनेनं. ती माझ्या बाजूनं होती, पण बोलायची नाही. तो आला आणि त्यानं सांगितलं की पोरगा उचलतो ती मधली उंची, वर अजून एक आहे. शिवाय गाडीला जागा लक्षात ठेवायला सांगता येते. इथं एकदा उचलली की पुढच्या वेळी इथं आली की आपणच उठेल.

"घासणार न्हाई?" मी विचारलं.

"नाही घासणार, काका."

माझा विश्वास बसेना. पोरगा आत बसून 'घासली' म्हणाला, तर मी काय सांगणार? म्हणून गाडी बांधावर आली तशी मी रस्त्यावर आडवा झालो. बांधाच्या टोकाला, चाकाच्या वाटेबाहेर, गाल डांबराला लावून. गाडीचं पोट आणि बांध यांच्यामधून पलीकडचं दिसतं का, तेवढंच बघायचं होतं.

स्कूटरवरून एक पोरगी येत होती, ती किंचाळली. मागचा टँकरवाला उडी मारून खाली आला आणि दोन्ही हात वर करून ओरडायला लागला, "मी न्हाई! मी मागं हाय! बघा, मी मागं हाय!" कोणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारलं. पोरानं गाडी बांधाच्या मधोमध थांबवली आणि रडत बाहेर आला. "आबा! आबा!"

"गप," मी म्हणालो. "दिसतंय."

"काय दिसतंय?"

"उजेड. बोटभर."

पोरगा तिथंच बांधावर बसला. हसत होता का रडत होता, मला खालून कळलं नाही. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तो बांध. पन तुमी उठा आधी."

बांध तसाच आहे. गाडी रोज संध्याकाळी चाकणहून येते आणि कोणी बोट न लावता दारात उठते. मी बाजेवरून बघतो. बायको ताट घेऊन समोर उभी राहायची तरी मी तिच्यासाठी पाय आवरत नव्हतो, आणि ही गाडी तिच्या बांधापुढं रोज उठते.

परवा वर्षश्राद्ध झालं. घाटावर जाताना मला पुढं बसवलं. कोणी खाली उतरलं नाही. बांध आला, फुस्स झालं, आधी मागून, मग पुढून, आणि गाडीबरोबर मीही बसल्या बसल्या वर उचलला गेलो. बांध ओलांडला.

"आता खाली येईल हां," पोरगा म्हणाला. "वेग घेतला की बसते ती."

"मग घेऊ नको," मी म्हणालो. "जरा हळूच चाल."

मागं टँकरवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दिला.