एमू आणि सात हरणं

प्राणिसंग्रहालयात मामांची सव्वीस वर्षं गेली होती. झाडू मारायला म्हणून आले आणि हरणांच्या आवाराचे सर्वेसर्वा होऊन बसले. साहेब बदलले, फाटकांचे रंग बदलले, मामांचा शब्द मात्र बदलला नाही. म्हणून कॉलेजातली एक मुलगी वही, घड्याळ आणि साहेबांची परवानगी घेऊन आली, "मला एमू आणि हरणं एकत्र ठेवून बघायचीत" म्हणाली, तेव्हा मामांनी तिला आधी नखशिखांत न्याहाळलं.

"पोरी, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"तेच तर बघायचंय, मामा. एक महिना. कुणाला इजा झाली तर त्याच दिवशी बंद."

एमूला सगळे मास्तरीण म्हणत. मान ताठ, चाल तोऱ्याची, नजर दुसऱ्याच्या चुका शोधणारी. जोडीदार गेल्यापासून शेजारच्या पिंजऱ्यात एकटीच होती आणि स्वतःची पिसं उपटत बसायची. छातीवर तळहाताएवढं टक्कल पडलं होतं. मामांना ते बघवत नसे. कुरकुरत का होईना, त्यांनी मधलं दार उघडलं.

मास्तरणीने पहिल्याच सकाळी गव्हाणीवर ठाण मांडलं. हरणं कोपऱ्यात थिजलेली. मुलगी दर पाच मिनिटांनी तक्त्यात 'पळाली' लिहायची, पुन्हा 'पळाली'. तिसऱ्या दिवशी नर हरणाने शिंगं रोखली, तशी तिने वही मिटली. "उद्या साहेबांना सांगते, नाही जमलं."

'मी म्हटलं नव्हतं?' हे मामांच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळून ते तिच्याजवळ बसले.

"आमच्याकडे बायको आणि भावजय. पाच वर्षं रोज खडाजंगी. चुली वेगळ्या केल्या आणि दोघी गळ्यात गळा घालून फिरायला लागल्या. भांडण माणसांचं नव्हतंच, ओट्याचं होतं."

मुलीने वही पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी मामांनी आवाराच्या पार टोकाला, झुडपांच्या आड, खांबाला बादली बांधली. हरणांचं तोंड पोचणार नाही इतकी उंच. हरणांची गव्हाण ठेंगण्या छपराखाली सरकवली. तिथे खायचं तर वाकायला हवं, आणि वाकणं मास्तरणीच्या स्वभावात नव्हतं.

दोन दिवस ती रुसून बसली. मग बादलीवर आली. आठवडाभरात दुपारी सगळी मंडळी एकाच सावलीत दिसू लागली. एक पाडस तर तिच्या मागेमागे हिंडायचं आणि तिने वळून बघितलं की हे आपलं गवत हुंगायचं.

तिसऱ्या आठवड्यात मामांनी मुलीला कुंपणाशी बोलावलं. "छातीकडे बघ." टकलावर पिसांचे कोवळे कोंब फुटले होते. "हे तुझ्या तक्त्यात कुठे बसतं?"

कुठेच बसत नव्हतं. तिने पट्टी मागितली आणि उभी रेघ मारून नवा रकाना आखला.

मुलीच्या परीक्षेच्या चार दिवसांत तक्ता मामांनी भरला. 'दहा वाजता : ठीक. साडेदहा : ठीक. अकरा : उगाच तोरा.' तिच्या प्राध्यापकांनी चष्मा सारून विचारलं, "तोरा म्हणजे नेमकं काय?" तिने मामांना विचारून दीड पान लिहून दिलं, आणि ते त्यांनी मान्य केलं.

महिना संपला. साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, असंच राहू द्या. संध्याकाळी मामांनी पाना आणला, मुलीने मधलं दार धरलं, आणि दोघांनी ते बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवलं. मास्तरीण जवळ येऊन पाहणी करून गेली.