खांद्याचं सोंग

परदेशातून आणलेल्या खेळाडूला त्या बास्केटबॉल संघात सगळे पाहुणाच म्हणायचे, आणि त्यालाही ते सवयीचं होतं. घरी सासूबाईसुद्धा तेच म्हणायच्या. जावई वर्षातून दीड-दोन महिने उगवणार, चौकटीला कपाळ आपटून घेणार, जरा माणसांत आला म्हणेतो पुन्हा बॅग उचलणार. नऊ वर्षांत त्याचे अकरा क्लब झाले होते. मोठ्या नावाचा खेळाडू तो कधीच नव्हता. कुणाचा तरी पाय मोडला, कुणाचं तरी कोचशी फाटलं, की याला बोलावणं यायचं. आणि दुसरा बरा कुणी मिळाला की याला नारळ.

अशाने माणूस संशयी होतोच. हा जरा जास्तच झाला होता. कुणी नुसतं "कसा आहेस?" म्हणालं तरी याला वाटायचं, ह्याला विचारायला कुणी सांगितलं असेल? क्लब आपल्याला काढणार हे त्याला आधीच कळतं, असं तो म्हणायचा. पहिल्यांदा मॅनेजर गोड बोलायला लागतो. मग क्लबने दिलेली गाडी सर्व्हिसिंगला न्यायची म्हणून किल्ली मागतात. किल्ली गेली की समजायचं, आपणही गेलो. चौथ्या क्लबात तर त्याला भोळेपणा चांगलाच नडला होता. तिथल्या ट्रेनरला विश्वासात घेऊन तो म्हणाला, पाठ धरलीय, जरा बघ. ट्रेनरने पाठ छान चोळून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर विमानाचं तिकीट घेऊन दारात उभा. त्या दिवशी याने कानाला खडा लावला. आपल्या अंगात कुठे काय दुखतं, ते क्लबच्या माणसाला सांगायचं नाही.

आता दुखत होता उजवा गुडघा, आणि तोही नेमका नको त्या वर्षी. मॅनेजरने हंगामाच्या सुरुवातीला कबूल केलं होतं, की हा हंगाम शेवटपर्यंत खेळून काढ, पुढच्या वर्षीपासून इथेच लहान मुलांच्या संघाचा कोच म्हणून राहा. राहायला घर देऊ, बायको-मुलीला आणायची सोय करू. मध्येच दुखापतीने बसला तर करार रद्द, आणि ही कबुलीही रद्द. बायकोने तिकडे मुलीच्या शाळेत सांगूनसुद्धा टाकलं होतं. मुलगी आठ वर्षांची. तिने बापाला समोर कमी आणि फोनवरच जास्त पाहिलेलं. आता फक्त चार सामने उरले होते.

सामना झाला की गुडघा टम्म फुगायचा. हा खोलीवर येऊन त्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी ठेवून पडून राहायचा. क्लबमध्ये बर्फ हवा तेवढा मिळायचा, पण बर्फ मागितला की प्रश्न आले. मटारही तो तीन वेगवेगळ्या दुकानांतून आणायचा. एवढ्या मटारांचं हा एकटा माणूस करतो काय, असं गल्ल्यावरच्या बाईला वाटायला नको म्हणून! त्या बाईला कशाला काय वाटतंय? पण याला समजावणार कोण?

सगळ्यात जास्त संशय होता तो फिजिओबाईंवर. बाई पन्नाशीच्या, आडव्या बांध्याच्या, मनगटं एखाद्या गवंड्यासारखी. तळघरातल्या छोट्या खोलीत त्यांचं मालिशचं टेबल होतं. याला ते अपुरं पडायचं, म्हणून त्या पायांखाली एक स्टूल सरकवायच्या. मालिश करताना लेकाच्या, शेजारणीच्या, नळाला पाणी न येण्याच्या गोष्टी मोडक्यातोडक्या इंग्रजीत अखंड चालू. पण गुडघ्याला हात लागला की हा पाय आखडून घ्यायचा. "गुदगुल्या होतात," म्हणायचा. सहा फूट आठ इंचांच्या माणसाला गुडघ्यात गुदगुल्या! बाई त्यावर काही बोलायच्या नाहीत. हात मुकाट्याने पोटरीवर न्यायच्या.

हे न बोलणंच त्याला खुपायचं. शिवाय याचं अंग रगडून झालं, की बाई थेट कोचच्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. आत त्यांच्या भाषेत कुजबुज चालायची. याला त्यातलं अक्षर कळत नसे. पुढच्या सामन्यात कोच आपल्याला तिसऱ्या क्वार्टरला उठवून बाकावर बसवतो, एवढं मात्र कळायचं. दोन सामने ओळीने असं झालं आणि याच्या मनात पाल चुकचुकली.

"तिला सरळ विचार ना," बायको फोनवर म्हणाली.

"विचारलं तर सावध होईल."

"सावध व्हायला ती काय चोर आहे?"

"तुला नाही कळायचं. चौथ्या क्लबात मी..."

"चौथा क्लब मला तोंडपाठ आहे. पण तो माणूस वेगळा, ही बाई वेगळी. सगळ्यांना एका मापाने मोजू नकोस रे."

याने काही ते ऐकलं नाही. सापळा लावायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर पालथा पडल्या पडल्या तो हळूच म्हणाला, "बाई, डावा खांदा फार दुखतो हो. कुणाजवळ बोलू नका."

खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. खांदा ठणठणीत होता.

बाईंचे हात क्षणभर थांबले. "नाही बोलत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खुशीत आल्यासारखा वाटला, आणि ते याने बरोबर टिपलं.

दुसऱ्या दिवशी सरावाला कोचने याला हाक मारली. कॅप्टन मध्ये दुभाष्या म्हणून उभा राहिला. "कोच विचारतोय, खांदा कसा आहे? आज सराव राहू दे म्हणतोय. बसून घे."

याचं डोकं सणकलं. बाई चहाडखोर, हे सिद्ध झालं! पण खोटं कशाला बोला, त्या रागात थोडा आनंदही होता. इतकी वर्षं बायकोपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी याला संशयी म्हणून चिडवलं, आणि आज याने एकाला तरी रंगेहाथ पकडलं. असा आनंद झाला की माणसाची अक्कल गहाण पडते. तो तरातरा, म्हणजे त्या गुडघ्याने जेवढं तरातरा जाता येईल तेवढा, मॅनेजरकडे गेला.

"फिजिओबाई माझ्याबद्दल खोटंनाटं पसरवतात," तो म्हणाला. "माझ्या खांद्याला काही झालेलं नाही. कोचचे कान भरून मला बसवायचा डाव आहे. हवं तर तपासून घ्या मला!"

मॅनेजर चष्मा पुसत ऐकत होता. "तपासू या की. तंटाच मिटेल. उद्याच हॉस्पिटलात जाऊ."

"खांदाच ना?"

"जातोच आहोत तर सगळंच करून टाकू. खांदा, पाठ, गुडघे. पुढच्या वर्षी तुला कोच म्हणून ठेवायचंय, तेव्हाही हे लागणारच आहे."

नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. तो तोंडाने हो म्हणाला आणि बाहेर येऊन जिन्यात बसला. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही नेमका दुखऱ्या पायावर.

हॉस्पिटलात खांद्याचा फोटो इतका छान आला, की डॉक्टरने कौतुक केलं. गुडघ्याचा फोटो मात्र तो बराच वेळ बघत राहिला. आतली कूर्चा फाटली होती, आणि जखम ताजी नव्हती, कित्येक महिन्यांची होती. खेळणं बंद. मॅनेजर त्याच दिवशी त्याला खोलीत बोलावून फार गोड बोलला. करार संपला होता, कोच म्हणून ठेवायचं बोलणंही संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी हा आपले बूट न्यायला तळघरात गेला, तर फिजिओबाई खोक्यात तेलाच्या बाटल्या आणि टॉवेल भरत होत्या.

"तुम्ही कुठे निघालात?"

"घरी. काल मला बोलावलं होतं वर. म्हणाले, रोज ह्याच्या पायांना तुमचा हात लागतो, तुम्हाला कळलं कसं नाही? मी नाही कळलं म्हणाले असते, तर बिनकामाची ठरले असते. म्हटलं, कळलं होतं."

"म्हणजे तुम्हाला..."

"अरे बाबा, पहिल्याच दिवशी! जिना उतरताना दर पायरीवर उजवाच पाय आधी टाकतोस तू. आणि वर गुदगुल्या म्हणे." बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "कोचला मी रोज काहीतरी सांगत होते. आज पाठ आखडलीय, आज पोटरी. मी म्हणायचे, तिसऱ्या क्वार्टरला बसव त्याला, शेवटाला ताजा मिळेल. तेवढाच गुडघ्याला आराम. माझीही कारणं संपत आली होती, तेवढ्यात तू आपणहून खांदा दिलास. इतकं बरं वाटलं! म्हटलं, खांद्याच्या नावाखाली एक अख्खा सामना बसवता येईल. कुणाला सांगणार नाही म्हणाले आणि सांगितलं, तेवढं माझं चुकलं."

"मला सांगायचं होतंत."

"गुडघ्याला बोट लावलं तरी पाय ओढून घेणाऱ्या माणसाला काय सांगणार? पळून गेला असतास."

याने खरं तर तिथेच बाईंचे पाय धरायला हवे होते. पण नऊ वर्षांची खोड एका दिवसात जाते थोडीच. त्याच्या तोंडून निघालं, "पण यात तुमचा काय फायदा होता?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हातातल्या टॉवेलची घडी घालून तो खोक्यात ठेवला. "काही नाही," म्हणाल्या, आणि खोकं उचलून निघून गेल्या.

खोलीवर येऊन त्याने घरी फोन लावला. करार गेल्याचं ऐकून बायको आधी रडली, मग भडकली. "त्या बाईनेच घात केला ना? तू म्हणत होतास तेच खरं झालं!"

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. तसं म्हणावं असं त्याला फार वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "मीच गेलो मॅनेजरकडे. मीच म्हणालो, मला तपासा." आणि मग त्याने खांद्याच्या सोंगापासून बाईंच्या खोक्यापर्यंत सगळं सांगितलं. मागे मुलगी विचारत होती, "आई, आपण बाबाकडे कधी जायचं?"

"म्हणजे तिची नोकरी आपल्यापायी गेली," बायको म्हणाली.

"हो."

"तिची माफी तरी मागितलीस ना?"

त्याने मटारची पिशवी गुडघ्यावर ठेवली.

"अरे, मागितलीस ना?"

"मी तिला विचारलं," तो म्हणाला, "यात तुमचा काय फायदा होता."