अळूचा रकाना

वडिलांच्या खोलीतून डोंगराची रांग दिसते. एप्रिलच्या दुपारी ती पाण्यात पाहिल्यासारखी हलते. खोलीतला पंखा एका सुरात घुमत असतो. मी बुधवारी आणि रविवारी जायचो, खुर्चीत बसायचो आणि थोड्या वेळाने मलाही झोप लागली आहे की नाही ते कळायचं नाही.

कर्जतहून खोपोलीकडे जाताना, रस्त्यापासून आत, आमराईला लागून हे वृद्धांचं निवासी केंद्र आहे. आई गेली, मग वडिलांचं मांडीचं हाड मोडलं, आणि आम्ही दोघं नवराबायको दिवसभर कामावर. माझी नोकरी साजगावच्या कारखान्यात, मोजमाप तपासायची. त्यामुळे जागा निवडतानाही मी यादी घेऊन फिरलो होतो. किती माणसांमागे एक मदतनीस, पलंगाची उंची किती, पलंगापासून संडास किती पावलं. इथे अकरा पावलं होती. चार जागा पाहिल्या, त्यांत हीच सर्वांत कमी.

पाण्याचा तक्ताही मीच सुचवला. डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर सांगितलं होतं. मी दिवसाच्या आठ वेळा मांडल्या, पुढे मिलिलिटरचा रकाना. तो मावशींनी भरायचा होता. मावशी म्हणजे वडिलांची देखभाल करणाऱ्या बाई, लोधिवलीकडच्या, पंचेचाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. पण वडिलांनी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"ज्याची ड्यूटी त्याची नोंद," म्हणाले.

त्यांनी चौतीस वर्षं भिवपुरीच्या वीजघरात दर तासाला आकडे लिहिले होते. त्यांच्या हातात पेन पाहून आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. मला जरा जास्तच.

मार्चअखेरीपासून वडील पुसट होऊ लागले. डोळे मिटून विचारायचे, "पाणी सोडलंय वरून. ऐकू येतंय का?" पंखा घुमत असायचा. मी हो म्हणायचो, कारण खरंच ऐकू यायचं. लहानपणी क्वार्टरमध्ये दुपारी झोपलं की यंत्रांची घरघर फरशीतून अंगात यायची. डोंगरावरून नळातून उतरणारं सगळं पाणी आपल्या उशीखालून चाललंय असं वाटायचं. वडील कधी आत घेऊन जायचे, घड्याळासारख्या तबकड्या दाखवायचे. "हा काटा बघ. जिवंत पाण्याचा काटा थोडा तरी हलतो. एकाच जागी उभा असला तर पाणी शांत नाही, काटा अडकलाय. बोटाने टिचकी मारायची."

एका रविवारी त्यांनी मला त्यांचा जुना जोडीदार समजून हाक मारली. पुढच्या बुधवारी मला ओळखलंच नाही. केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी सौम्यपणे सांगितलं की मागच्या इमारतीत विस्मरण झालेल्यांसाठी वेगळा विभाग आहे, दाराला जाळी आहे, तिथे ते सुरक्षित राहतील. तिथल्या खिडक्या भिंतीकडे उघडतात. संमतीचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. रविवारपर्यंत सही हवी होती.

रविवारी मी तो कागद मांडीवर घेऊन बसलो. सोबत पाण्याचे तक्ते जोडायचे होते म्हणून तीन आठवड्यांचे एकत्र लावले. दोनशे, दोनशे, दोनशे. उभे वाचले तरी दोनशे, आडवे वाचले तरी दोनशे. तीन आठवड्यांत एक घोटही कमीजास्त नाही. इतके दिवस याच नीटनेटकेपणावर मी खूश होतो.

मी खिडकीशी गेलो. बाहेर सगळं वाळून पांढरं पडलं होतं, आणि खिडकीखाली, तेलाच्या रिकाम्या डब्यात, सुपाएवढ्या पानांचं अळू उभं होतं. त्याच्या वड्या मी दोन बुधवार खाल्ल्या होत्या.

"मावशी, या अळूला पाणी कोण घालतं?"

"आमी नाय घालत. आपसूक वाढतंय. आजोबांच्या खिडकीचा गुण हाय तो."

पलंगावरून हात पोहोचेल अशा त्या खिडकीच्या कठड्यावरून डब्यापर्यंत पाण्याचा ओघळ वाळून डाग पडला होता. मी बोट ठेवलं. मावशींनी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! आजोबा, काय ओ हे? तुमच्या तोंडचं पाणी आमी वड्या करून खाल्लं!"

वडील डोळे मिटून पडले होते. ओठांवर पांढरे पापुद्रे होते. ते मी रोजचेच समजत होतो.

"अकरा पावलं आहेत," ते म्हणाले.

"काय?"

"संडासापर्यंत. मग उंबरा. शेजारचा तिथेच पडला. आणि ही बाई माझ्या लेकीच्या वयाची. दर तासाला तिच्या खांद्यावर हात टाकून जाऊ? नाही प्यायलं की जावं लागत नाही."

"म्हणून खोटं लिहिलंत?"

त्यांनी डोळे उघडले. अपमान झाल्यासारखे बघत राहिले. "पेला दोनशेचा आला. दोनशे लिहिलं. पुढे कुठे गेलं, तो रकाना तक्त्यात नव्हताच."

मावशी हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसले. मी संमतीचा कागद घडी करून खिशात टाकला आणि व्यवस्थापक बाईंकडे गेलो. त्यांच्याशी भांडायचं मनात होतं. पण त्या म्हणाल्या, "तक्ता पूर्ण भरलेला होता, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो," आणि माझंही तेच झालं होतं. त्यांनी त्याच दुपारी डॉक्टरांना बोलावलं. अंगातलं पाणी फार कमी झालं होतं, लघवीत जंतुसंसर्ग होता. या वयात तेवढ्याने माणूस असा मधूनमधून भरकटू शकतो, डॉक्टर म्हणाले. आधी हे बरं करू, विभाग बदलायचं मग पाहू.

सलाईन आणि औषधं सुरू झाली. त्या आठवड्यात मी रोज गेलो. ते झोपेत वीजघराच्या पायऱ्या उतरत असायचे, आणि मी पंखा ऐकत वाट पाहायचो. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तू कामावर नाही गेलास?" 'तू' म्हणजे मीच होतो.

उंबरा काढून जागा सपाट केली. भिंतीला धरायला दांडी बसली. विचारायची, हाक मारायची वेळच येऊ नये म्हणून मावशी आता दर दोन तासांनी स्वतःच येतात आणि दारातून वीजघरातल्यासारखं ओरडतात, "चला आजोबा, पाळी बदलली!" वडील उठतात. पाळी बदलताना कुणाचं ओझं होत नाही.

नवा तक्ता मी दोन रकान्यांचा आखला, एक पाणी आल्याचा, एक प्यायल्याचा. पेन वडिलांकडेच ठेवलं. गेल्या बुधवारी पाहिलं तर आकडे वेडेवाकडे होते. दीडशे, नव्वद, एकशे ऐंशी, साठ. असे सुंदर आकडे मी कारखान्यात कधी पाहिले नाहीत. शेजारी पट्टीने आखलेला तिसरा रकाना होता, वडिलांच्या हातचा. वर लिहिलं होतं, 'अळू'. खाली सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर.

"त्याला सवय लागलीय," वडील डोंगराकडे बघत म्हणाले. "एकदम बंद कसं करायचं?"