हळबे सरांच्या दारातला बेहरूज

डॉ. श्रीधर हळबे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आणि तेही जमिनीवर बसलेले. लग्न होऊन नागपूरहून ओहायोत येऊन मला सात-आठ महिने झाले होते. नवरा सकाळी कामावर गेला की बाहेर बर्फ आणि आत मी. गाडी चालवता येत नव्हती. बसने जाता येईल असं उबदार आणि फुकटचं ठिकाण एकच होतं, ते म्हणजे ग्रंथालय. तिथे दोन कपाटांच्या मधे कोट-टाय घातलेले साठीचे एक गृहस्थ चक्क मांडी घालून बसले होते. मांडीवर एका जुन्या फारसी पोथीच्या छायाप्रती होत्या आणि त्यांच्याकडे बघून ते शुद्ध मराठीत म्हणत होते, "अरे गाढवा, ओळ गाळलीस की!"

मला हसू आवरेना. त्यांनी वर पाहिलं. "मराठी का? बसा मग. या लेखनिकाने चारशे वर्षांपूर्वी एक ओळ खाल्ली आहे आणि मी सकाळपासून ती शोधतोय."

मी बसले. पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या फारसीच्या वर्गात मागच्या बाकावर बसू लागले, आणि पुढे त्याच ग्रंथालयात फारसी पुस्तकांच्या नोंदी करण्याची नोकरी मला सरांच्याच शब्दामुळे मिळाली. माझं इथलं आयुष्य त्या दोन कपाटांच्या मधे सुरू झालं असं मी मानते.

सरांच्या कार्यावर इतर विद्वान मंडळी त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहितीलच. मी विदुषी नाही, म्हणून मला वर्गात जे दिसलं तेवढंच सांगते. सर साताऱ्याचे. पुण्यात कॉलेजात असताना संस्कृतच्या मास्तरांशी त्यांचं वाजलं आणि रागाच्या भरात त्यांनी फारसी घेतली. "एवढं मोठं सुख मला भांडणातून मिळालं," असं ते सांगत. आपल्या जुन्या दप्तरांतली फारसी पत्रं वाचता वाचता ते त्या भाषेच्या मुळाशी जायला निघाले, दोन वर्षं इस्फहानला राहिले आणि तिथून अमेरिकेत आले. वर्गात ते आम्हाला जुनी चित्रं दाखवत. दरबाराचं चित्र असलं की सगळे सिंहासनाकडे बघायचे. सर म्हणत, "राजा सगळ्यांना दिसतो. कोपऱ्यात कलिंगड घेऊन उभा आहे तो कोण, ते सांगा." मग त्या कलिंगडवाल्यावरून माळी, माळ्यावरून पाण्याचे पाट, पाटांवरून गाव, असं करत तास संपायचा आणि एका अख्ख्या शतकाचा संसार आमच्यापुढे मांडून झालेला असायचा. स्वाऱ्या आल्या, ग्रंथालयं जळाली, राजे बदलले, आणि जाळणाऱ्यांचीच नातवंडं पुढे दरबारात बसून फारसीत कविता करू लागली, हे सर पुन्हा पुन्हा सांगत. त्या देशाचं सुखदुःख ते आपल्या घरचं असल्यासारखं बोलत.

पोथीच्या शेवटच्या पानावर सरांचा विशेष जीव. तिथे लेखनिक आपलं नाव लिहितो, स्वतःला दीन आणि अपराधी म्हणवतो आणि वाचणाऱ्याला विनवतो की माझ्या हातून झालेल्या चुका पोटात घाला. हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी सरांकडे माहिती विचारायला गेले होते. ते म्हणाले, "आपल्याकडच्या गौरवग्रंथांत नेमकं हेच पान नसतं. मालती, तू बेहरूजबद्दल लिहिणार असशील तर लिही. नाहीतर लिहूच नकोस." संपादकांना हे आवडणार नाही, मला ठाऊक आहे. पण मी सरांची विद्यार्थिनी आहे, संपादकांची नाही.

त्याआधी इराणी लोकांची एक रीत सांगायला हवी. तिला तारोफ म्हणतात. कुणी काही देऊ केलं की भल्या माणसाने आधी नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणायचं. देणाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं. पहिला नकार हा नकार नसतोच, ती विचारणाऱ्याला सावकाश विचार करायला दिलेली सवड असते. सर ही रीत वर्गात स्वतःच्या फजितीवरून शिकवत. इस्फहानला एका वृद्ध पुस्तकबांधणाऱ्याच्या घरी त्यांनी लेखण्या ठेवायच्या रंगीत पेटीचं कौतुक केलं. म्हातारबाबा म्हणाले, "ही तुमचीच." आमचे सर ती काखोटीला मारून घरी घेऊन आले! घरमालकिणीने डोक्याला हात लावला. वर्गात सगळे खो खो हसायचे आणि सर बजावायचे, "तीनदा. लक्षात ठेवा, तीनदा."

बेहरूज हा सरांचा संशोधक विद्यार्थी, सव्विसाव्या वर्षीच टक्कल पडू लागलेला, अतिशय हळू बोलणारा. पोथ्यांच्या समासांत सोन्याची नक्षी काढणाऱ्या अनामिक कारागिरांवर तो प्रबंध लिहीत होता. मला तो 'मालती खानूम', म्हणजे मालतीबाई, म्हणायचा आणि सरांच्या पत्नीला, आमच्या सुमतीकाकूंना, 'मादर', म्हणजे आई. काकूंच्या स्वयंपाकघरात त्याची ठरलेली खुर्ची होती. काकू थालीपीठ वाढायच्या, तो छातीवर हात ठेवून नको म्हणायचा. काकू पुन्हा म्हणायच्या, तो पुन्हा नको म्हणायचा. तिसऱ्यांदा काकू "अरे गिळ मेल्या!" म्हणून पान पुढे सरकवायच्या आणि मग तो चार थालीपिठं खायचा. काकूंना फारसीचं अक्षर येत नव्हतं, पण ही रीत त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही.

मग तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीतली माणसं ओलीस धरली गेली आणि इथलं वारं फिरलं. फारसीच्या वर्गातली निम्मी मुलं गळली. बेहरूजच्या दारावर कुणीतरी काळा रंग फासला. घरमालकाने त्याला खोली सोडायला सांगितलं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं, कारण तो स्वतःहून सांगणाऱ्यातला नव्हताच.

त्या जानेवारीत सरांच्या ओहायोतल्याच डब्लिन गावच्या घरी आपल्या महाराष्ट्र मंडळाची संक्रांत होती. तळघरात चाळीसेक माणसं, दाराशी बुटांचा ढीग, वर काकूंची धावपळ. दुपारी चारच्या सुमारास बेल वाजली. सर दार उघडायला गेले. मी तिळगुळाचं ताट घेऊन मागेच होते. दारात बेहरूज उभा होता. एका हातात सूटकेस, दुसऱ्या हाताखाली प्रबंधाची फाइल. फाइल द्यायला आलो, असं तो म्हणाला. फाइल द्यायला कुणी सूटकेस घेऊन येत नाही, हे सरांनाही कळलं आणि मलाही.

सर फारसीत म्हणाले, "इथेच राहा. खालची खोली रिकामी आहे."

बेहरूजने छातीवर हात ठेवला. "नको, नको. आपल्याला त्रास कशाला? टेक्ससला, अर्विंगमध्ये माझा मित्र आहे."

एवढ्यात मंडळाचे एक ज्येष्ठ डॉक्टर आमच्या मागे येऊन उभे राहिले होते. ते मराठीत, पण मोठ्याने म्हणाले, "सर, कशाला नसता ताप? आपण इथे बाहेरून आलेली माणसं. उद्या यांच्याबरोबर आपलंही इन्व्हेस्टिगेशन करतील, यार."

फारसीत सुरू झालेलं बोलणं सरांनी इंग्रजीत संपवलं. "आर यू शुअर?"

"येस, प्रोफेसर."

"ऑल राइट, देन."

मी काय केलं? मी सवयीने त्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि "गोड बोला" म्हटलं. तो पायरीवर आणखी थोडा वेळ थांबला. मग मान लववून निघून गेला. थंडी आत येत होती म्हणून मीच दार लावलं.

पाहुणे गेल्यावर बुटांच्या फळीवर काकूंना ती फाइल दिसली. "बेहरूज आला होता? जेवला का?"

"थांब म्हटलं. नाही म्हणाला," सर म्हणाले.

"किती वेळा म्हणालात?"

सर फाइल उचलून चाळू लागले. काकूंनी हात पुसले. "अहो, मी विचारतेय, किती वेळा?"

"एकदा."

काकूंनी साडीवरच कोट चढवला. एव्हाना मी गाडी शिकले होते. मी गाडी काढली आणि आम्ही तिघं बसस्टँडवर गेलो. टेक्ससची बस सुटून गेली होती. त्या मित्राचा फोन नंबर मिळवायला सरांना पंधरा दिवस लागले, आणि नंबर मिळाला तेव्हा मित्राने सांगितलं की बेहरूज आठवडाभर राहिला आणि मायदेशी निघून गेला.

त्याच वर्षी तिकडे शेजारच्या देशाशी युद्ध पेटलं. बेहरूजचं एक पत्र आलं. त्यात तक्रारीचा शब्द नव्हता. मादरचे गुडघे कसे आहेत, प्रबंधातल्या तिसऱ्या प्रकरणात एक संदर्भ चुकला आहे तो कृपया दुरुस्त करावा, आणि मला सैन्यात बोलावलं आहे, इतकंच. दोनेक वर्षांनी त्याच्या बहिणीचं पत्र आलं. सरांनी ते उभ्यानेच वाचलं. त्याचा पत्ता लागत नव्हता. मृतांत नाव नाही, जखमींत नाही, कुठेच नाही. काकू त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या खुर्चीवर बसून रडल्या आणि सर दाराच्या चौकटीत नुसते उभे राहिले. मी सरांना एवढं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतरचे सर तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या तळघरात किती इराणी मुलं राहून गेली ते तुम्ही पाहिलं आहे. कुणी परीक्षा होईपर्यंत, कुणी कागदपत्रं होईपर्यंत. सरांच्या घरी चहा नको म्हणायची सोय राहिली नाही. पुण्याहून नवीन आलेला एक इंजिनिअर बिचारा खरोखरच चहा पीत नव्हता. तोही तिसऱ्या विचारण्याला शरण गेला आणि तोंड वाकडं करत कप संपवला. आपण सगळे हसलो होतो. सर हसले नव्हते. बेहरूजचा अपुरा प्रबंध सरांनी तळटिपांसकट नीट करून ठेवला आहे. एका प्रकाशकाने तो सरांच्या नावावर काढायची तयारी दाखवली तेव्हा, "लेखक यायचे आहेत," एवढंच उत्तर त्यांनी कळवलं.

मी सरांची समजूत घालायला एकदा म्हटलं, "सर, घाई होती, घरात गर्दी होती. माणूस विसरतो."

"विसरलो नव्हतो, मालती," सर म्हणाले. "तीनदा विचारायचं असतं हे मला त्या क्षणीही आठवत होतं. पण तो नाही म्हणाला ते मला सोयीचं वाटलं. मी भ्यालो होतो. म्हणून इंग्रजीत बोललो."

तिळगूळ मीच दिला होता. हे मी आज पहिल्यांदाच लिहून मोकळी होते आहे.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या आजारातही "पत्र आलं का हो?" हे त्यांचं विचारणं चालूच होतं. त्यांच्यानंतर सरांनी जेवणाखाण्याकडे लक्ष देणं सोडलं. हृदयाचं ऑपरेशन करायला हवं असं ठरलं तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. आम्ही तीनदा काय, तीसदा विचारलं.

आणि या वसंतात बहिणीचं पुन्हा पत्र आलं. युद्ध थांबलं आहे, आजारी युद्धकैद्यांपैकी काही जण परत आले आहेत. त्यांतल्या एकाने सांगितलं की त्याच्या छावणीत सोबत्यांना इंग्रजी शिकवणारा, टक्कल पडलेला, हळू बोलणारा एक बेहरूज होता. आडनाव त्याला ठाऊक नव्हतं. आता बेहरूज नावाची माणसं तिकडे पैशाला पासरी, आणि टक्कल तर कुणालाही पडतं. मी सरांना ही शंका सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. सरांनी त्याच दुपारी संक्रांतीच्या दिवशीच्या त्या डॉक्टरांनाच फोन केला आणि म्हणाले, "तारीख घ्या." ऑपरेशननंतर डॉक्टर त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, "सर, त्या दिवशी मी मध्ये बोललो नसतो तर..." सरांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "दार माझं होतं."

आता सर रोज सकाळी अर्धा मैल चालतात. पथ्याचं बेचव जेवण निमूटपणे जेवतात. खालच्या खोलीत सध्या कुणी राहत नाही. ती त्यांनी रंगवून घेतली आहे.

पंचाहत्तरी पुरी करणाऱ्याला शंभर वर्षांचं आयुष्य चिंतावं अशी आपली पद्धत आहे. मला सरांसाठी किती वर्षं मागावी ते कळत नाही. तो बेहरूज आपला असो, तो सुटो, इथवर येवो, आणि त्या दिवशी दार उघडायला सर स्वतः चालत जावोत, तोवरची मागते. त्यांची प्रकृती तोवर ठणठणीत राहो. रीतीप्रमाणे बेहरूजला एकदा विचारून झालं आहे. सरांना अजून दोनदा विचारायचं आहे.