मिलिटरीचं वय आणि घरचं वय

बसवनगुडीतल्या एका खासगी कॉलेजच्या कचेरीत मी कारकून म्हणून लागलो तेव्हा माझं वय तेवीस होतं, आणि ते सिद्ध करायला माझ्याजवळ मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. वय ही सिद्ध करायची गोष्ट असते, यात तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं. थोरला भाऊ बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होता, त्याच्या घरी राहून मी नोकरी शोधली. कन्नड येत नव्हतं. इंग्रजी टायपिंग येत होतं, आणि कॉलेजला तेवढंच हवं होतं.

मार्चअखेर मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. खेळाच्या मास्तरांना एक पत्र टाइप करायचं होतं: उद्यापासून आपल्या सेवेची आवश्यकता नाही. मला फार वाईट वाटलं. मी हेडक्लार्कना विचारलं, की यांनी केलं काय? त्यांनी जुनी कार्बन कॉपी पुढे सरकवली. दर मार्चला हेच पत्र जात होतं, आणि दर जूनला दुसरं, की आपली हंगामी नेमणूक करण्यात येत आहे. मला फक्त तारीख बदलायची होती. मध्ये दोन महिने खंड पडला की माणूस कायम होत नाही, असा नियम होता, आणि तो खंड पाडण्यात आमचं कॉलेज अत्यंत नियमित होतं.

हजेरीपटावर मास्तरांचा हुद्दा ‘अटेंडर’ असा होता. म्हणजे शिपाई. पण वार्षिक समारंभाच्या अहवालात प्रिन्सिपॉल त्यांचा उल्लेख ‘आमचे शारीरिक शिक्षण संचालक’ असा करत. प्रिन्सिपॉल काळा गाउन घालून ते वाक्य वाचत असताना संचालक मागे चषकांचा ट्रे धरून उभे असत. मी नवा होतो म्हणून हे कसं काय, असं एकदा विचारून टाकलं. प्रिन्सिपॉल तत्त्वज्ञान शिकवत. ते म्हणाले, “पद वेगळं आणि कार्य वेगळं. तुम्ही दोन्हींची गल्लत करताय.”

मास्तर बंगलोरचेच, कित्येक पिढ्यांचे. त्यांचं मराठी माझ्या कानाला आधी परकं वाटलं, कारण दर चार शब्दांमागे एक कन्नड असे. मला ते ‘अण्णा’ म्हणत. वयानं माझ्या दुप्पट असलेला माणूस मला अण्णा म्हणतो, हे अंगवळणी पडायला महिना गेला. तरुणपणी ते पलटणीत होते, लढाई संपल्यावर परत आले आणि तेव्हापासून बारा वर्षं कॉलेजच्या मैदानावर होते. कबड्डी, हॉकी, धावणं, उड्या, सगळं तेच शिकवत. फक्कीनं रेषाही तेच आखत.

मग विद्यापीठाचं परिपत्रक आलं. प्रत्येक कॉलेजात खेळाचा पूर्णवेळ, कायम शिक्षक असलाच पाहिजे. तो पदवीधर आणि शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमाधारक असावा, किंवा त्याच्याकडे लष्कराचं त्या विषयातलं प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र असावं. जाहिरात द्यायची, मुलाखती घ्यायच्या, एकाला नेमायचं. हंगामी व्यवस्था त्या दिवसापासून बंद.

याचा अर्थ मला ती जाहिरात टाइप करता करताच कळला. पद मास्तरांना मिळालं तर ते राहणार. नाही तर बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं मार्चचं पत्र खरं होणार होतं.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मैदानामागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. बाहेर ओट्यावर त्यांच्या पत्नी कोडबळी, म्हणजे तिकडची कडबोळी, वळून तळत बसल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागलो.

“या की अण्णा, स्वल्प बसा,” मास्तर म्हणाले. “कागद आणला काय? मार्च तर झाला.”

मी परिपत्रकाबद्दल सांगितलं आणि पलटणीतलं काही सर्टिफिकेट आहे का, विचारलं. मास्तर उठले आणि भिंतीवरची बनशंकरी देवीची तसबीर उतरवून तिच्या मागचे खिळे उपटू लागले.

“वाळवी देवीच्या मागं जात नाही,” अक्कांनी मला समजावलं.

पुठ्ठ्यामागून कागद निघाला. त्यावर लष्करी प्रशिक्षक, शारीरिक शिक्षण, उत्तम श्रेणी, असं स्पष्ट होतं. हवं होतं ते सगळं त्यात होतं. मला इतका आनंद झाला की मी कोडबळं उचललं. मग जन्मतारीख वाचली आणि बोटांवर हिशेब केला.

“मास्तर, यावरून तुम्ही येत्या ऑगस्टात त्रेपन्न पूर्ण करता.”

“छे! एकोणपन्नास.”

“इथं लिहिलंय.”

“ते मिलिटरीचं वय,” मास्तर म्हणाले. “घरचं एकोणपन्नास.”

भरतीच्या दिवशी ते पंधरा वर्षांचे होते. रांगेत पुढे उभ्या असलेल्यानं एकोणीस सांगितलं आणि त्याला घेतलं, म्हणून यांनीही एकोणीस सांगितलं. छाती मोजली, शिक्का मारला.

“अठरा सांगायचं की,” अक्का म्हणाल्या. “एक वरीस तरी वाचलं असतं.”

“अठराला घेतात का न्हाई ते कुणाला ठाऊक होतं? एकोणीसला घेतात ते मी डोळ्यांनी बघितलं.”

अडचण अशी होती की कायम नोकर पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. कागद दाखवला तर मास्तर पात्र, पण दोन वर्षांनी घरी. कागद नाही दाखवला तर आजच घरी. हंगामी माणसाला कुणी वय विचारत नाही, त्यामुळे त्यांना हा प्रश्न बारा वर्षं पडलाच नव्हता.

मला चैन पडेना. माणसाला खरं वय असतं आणि ते कुठंतरी लिहिलेलं असतंच, अशी माझी समजूत होती. मी मास्तरांच्या लहानपणच्या शाळेत गेलो. तिथल्या हेडमास्तरांनी फार मायेनं जुनं दाखलबुक काढलं. त्यात मास्तरांचं वय मिलिटरीपेक्षा दोन वर्षांनी कमी आणि घरच्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त निघालं. “शाळेत लवकर घ्यावं म्हणून वडील वाढवून सांगत,” हेडमास्तर म्हणाले. “तुम्हाला नक्की कुठलं पाहिजे?”

मी त्याचा दाखला लिहून घेतला आणि प्रिन्सिपॉलांकडे गेलो. प्रमाणपत्र लष्कराचं घ्यावं आणि जन्मतारीख शाळेची, असा माझा तोडगा होता. प्रिन्सिपॉलांनी चष्मा काढला.

“म्हणजे या गृहस्थांनी सरकारला खोटं वय सांगितलं, असं तुम्ही लेखी मांडणार?”

“पंधराव्या वर्षी, सर.”

“कोणत्या वयात सांगितलं हा मुद्दा गौण आहे. शिवाय ते पंधरावं होतं की सतरावं, हेही तुम्हाला ठाऊक नाही.”

तत्त्वज्ञानाचा माणूस असल्यामुळे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मी दाखला खिशात ठेवून दिला.

मास्तरांना मी सगळं सांगितलं. माझं मत असं होतं, की दोन वर्षांसाठी चार वर्षांचं नुकसान करून घेण्यापेक्षा दुसरीकडे बघावं, एखाद्या शाळेत हंगामी काहीतरी मिळेल. मास्तर फक्कीचा डबा हलवत ऐकत राहिले.

“अण्णा, तुम्ही नवीन. तुम्ही मला एकच कागद दिला. मी तसले बारा घेतले,” ते म्हणाले. “दर मार्चला सही करून घ्यायचा, उद्यापासून मी कोण नाही म्हणून. एक मार्च तरी मला तो कागद नको. दोन मिळाले तर दोन. सरी?”

मी सरी, म्हणजे ठीक, म्हटलं.

मुलाखती जूनमध्ये झाल्या. समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मोठे अधिकारी, ते जरीची म्हैसुरी पगडी घालून येत आणि पंखा लावू देत नसत, कारण पगडी हलते. दुसरे प्रिन्सिपॉल. तिसरे बाहेरून आलेले तज्ज्ञ, लष्करातले माजी कॅप्टन, खिशावर सोनेरी चिन्ह असलेला ब्लेझर घातलेले. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात होतो.

उमेदवार दोनच आले. एक तरुण पदवीधर, डिप्लोमा घेतलेला, पांढऱ्या पँटीत, अतिशय सभ्य. आणि मास्तर, लग्नातला असावा असा कोट घालून.

अध्यक्षांनी तरुणाला विचारलं, की खेळाचं राष्ट्रीय चारित्र्याशी नातं काय? तरुणानं सात मिनिटं सांगितलं. मी चार ओळी लिहिल्या आणि त्यातल्या तीन प्रश्नाच्याच होत्या. मग कॅप्टन म्हणाले, आपण मैदानावर जाऊ.

तिथं तीसेक मुलं उभी होती. तरुणानं इंग्रजीत खणखणीत हुकूम दिला. मुलांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनी मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आभाळाकडे बघत होते. नंतर हळूच त्यांनी हनुवटी खाली केली, आणि मुलं तरुणाच्या हुकुमाप्रमाणे रांगेत उभी राहिली. कॅप्टननी ते पाहिलं. अध्यक्ष पगडी सांभाळत सावली शोधत होते.

मास्तरांची पाळी आली तेव्हा त्यांनी कन्नड, तमिळ, दख्खनी आणि थोडं इंग्रजी असं मिसळून काहीतरी म्हटलं. त्यात एका मुलाच्या बुटाच्या नाडीचा उल्लेख होता. सगळी तीस मुलं खाली वाकून स्वतःच्या नाड्या बघायला लागली.

परत आत आल्यावर अध्यक्षांनी अर्ज चाळला. “वय?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “कुठलं, सार? मिलिटरीचं का घरचं?”

प्रिन्सिपॉल टेबलाच्या लाकडाचं निरीक्षण करू लागले. मी पेन उचलून धरलं, कारण हे लिहायचं की नाही ते मला कळेना. त्या खोलीत आता कुणी पुढचा प्रश्न विचारला असता तर सगळं संपलं असतं.

कॅप्टन हसू लागले. चांगले खांदे हलेपर्यंत हसले. “किती चढवलं होतंस?” त्यांनी हिंदीत विचारलं.

“चार, साब.”

“मी दोन,” कॅप्टन म्हणाले, आणि लगेच इंग्रजीत मला सांगितलं, “हे लिहू नका. लिहा, की वय लष्करी कागदाप्रमाणे. लष्करी कागद समितीपुढे आहे आणि समितीला तो पुरेसा आहे.”

“पण मग यांना दोनच वर्षं मिळतील,” अध्यक्ष म्हणाले.

“ते त्यांना माहीत आहे,” कॅप्टन म्हणाले. “विचारा त्यांना.”

“दोन वर्षं दोन महिने, सार,” मास्तर म्हणाले.

तरुणानं बाहेर निकाल ऐकला, मास्तरांचं अभिनंदन केलं, आणि मला बाजूला घेऊन मास्तरांच्या निवृत्तीची तारीख वहीत उतरवून घेतली. मला तो आवडला. कॉलेजात येऊन नियम वाचणारे फार थोडे असतात.

पुढच्या मार्चअखेर मास्तरांसाठी टाइप करायला काही नव्हतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते कचेरीत आले. इस्त्री केलेला शर्ट होता आणि गळ्यात शिट्टी नव्हती.

“अण्णा, रजेचा अर्ज लिहून द्या.”

“मास्तर, कॉलेजला सुट्टी लागतेय. तुम्हाला अर्ज लागत नाही.”

“लागत नाही म्हणजे देऊ नये असं हाय काय?”

मी नियमांचं पुस्तक काढलं. देऊ नये असं कुठंही नव्हतं. मी कागद चढवला आणि किती दिवस, विचारलं. चार, ते म्हणाले. कारण विचारलं तेव्हा ते माझ्याकडेच बघू लागले.

“प्रकृती अस्वास्थ्य लिहू? सगळे तेच लिहितात.”

“छे! खेळाचा मास्तर आजारी? नाव जाईल.”

“खासगी काम?”

“खासगी काम तर काय नाही.”

“कुठं गावाला जाताय?”

“न्हाई, घरीच. तुमच्या अक्काला सांगितलंय, चार दिवस मी रजेवर हाय.” मग स्वतःच म्हणाले, “खरं तेच लिहा की. रजा पाहिजे.”

‘कारण: रजा पाहिजे’ असं मी लिहिलं. प्रिन्सिपॉलांनी तो कागद बराच वेळ वाचला. उत्तर नसलेला प्रश्न त्यांना आवडत असे, पण प्रश्नच नसलेलं उत्तर त्यांच्यापुढे प्रथमच आलं असावं. शेवटी त्यांनी ‘मंजूर’ लिहून सही केली.

मास्तर कागद घडी करून खिशात घालू लागले. मी म्हटलं, “तो इथंच राहतो. फाइलला लावायचा.”

“कुणाच्या?”

“तुमच्या.”

हंगामी माणसांची फाइल नसायची. त्यांचे कागद एका लांब तारेत खुपसून ठेवत आणि तार भरली की माळ्यावर टाकत. मी कपाटातून मास्तरांची फाइल काढली. करकरीत नवी होती, वर मीच सुवाच्य अक्षरात नाव घातलं होतं. आत एकच कागद, नेमणुकीचा. मी त्यावर रजेचा अर्ज ठेवला, भोकं पाडली, दोरी ओवली.

मास्तरांनी फाइल हातात घेतली, जरा तोलून बघितली, आणि मला परत दिली.

“पुढच्या वर्षी ऑगस्टात तुमची निवृत्ती आहे,” मी उगाचच म्हणालो. मला वाटलं होतं ते काहीतरी म्हणतील, वयाबद्दल.

“सोळा महिने हायत की अजून,” मास्तर म्हणाले. “आणखी कसकसले अर्ज देता येतात हो? एकदा वाचून दाखवा मला.”

मी खुर्ची पुढे सरकवली. ते बसले, आणि मी पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं.