क्षच्या जागी सात

दादा आज पहाटे गेला.

पण माझ्या मते तो साठच्या दशकातच संपला होता. मुंबईत, एका फळ्यासमोर.

तेव्हा तो कॉलेजात गणित शिकवायचा. कॉम्प्युटर नावाचं मशीन नवीन होतं आणि आकड्यांच्या मोठमोठ्या चौकटी गुणायला त्यालाही घाम फुटायचा. दादाला वाटलं, आपल्याला शॉर्टकट सापडला. कमी गुणाकारांत तेच उत्तर.

मे महिन्यात शिरोड्याला घरी आला तो कागद घेऊनच. समीकरणाची डावी बाजू पानभर, उजवी बाजू पानभर. दोन्ही एकच, हा त्याचा दावा. परतल्यावर लेक्चर होतं. मोठमोठे प्रोफेसर येणार. पटलं तर परदेशची स्कॉलरशिप.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. गणितात बरी होते, म्हणून तपासायला त्याने मला बसवलं.

"सगळा उलगडीत बसा नको गो. क्षच्या जागी आकडो घाल. एकदा जरी जुळाक नाय, तरी सगळा खोटा."

"आणि जुळलो तर?"

"तर दुसरो घाल."

आज अशा तपासणीवर म्हणे कॉम्प्युटर सायन्सची आख्खी शाखा उभी आहे. आमच्याकडे पाटी होती.

शून्य, एक, दोन. जुळलं. उणे एक, उणे दोन. जुळलं. दादा खूश. मला मात्र आतून बरं वाटत नव्हतं. सगळे सोपे सोपेच आकडे घातले होते ना!

त्यातच आईने देवळात कौल लावला. डावी पाकळी पडली, म्हणजे अपशकुन.

दादा बोटीने मुंबईला परतणार होता. पावसाळ्याआधीची शेवटची बोट, दर्या आधीच खवळलेला. आईने अर्थ लावून टाकला.

"बोटीन जाव नको. आजच एस्टीन जा." मग बाबांना, "ह्येका एकट्याक सोडू नकात. तुमी वांगडाक जावा."

तपासणी अर्धवटच राहिली. दोघे गेले.

दुपारी मी सात घातले.

डावीकडे एक, उजवीकडे भलतंच. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

धावत पोस्टात गेले. तार केली: सात घालून बघ. जुळत नाही.

लेक्चर झालं. मागच्या बाकावरून एक पोरगा उठला, "सर, तीन घातले तर?" दादाने फळ्यावर घातले.

लोक हसले.

स्कॉलरशिप गेली. त्यानंतर दादाने शिकवलं, पण स्वतःचं असं काही पुन्हा मांडलं नाही. मी जन्मभर तारखात्याला शिव्या घातल्या. मेल्यांनी वेळेवर पोचवली नाही!

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात त्याने माझा हात धरला.

"तार गावली होती गो माका. लेक्चराच्या आधीच."

"मग रे?"

"बाबा फुडच्या बाकार बसलेले. कोट घालून. तेंच्यासमोर 'माझा चुकला' म्हणाक माका धीर झालो नाय."

मी नुसती रडले.

सुखान जा, दादा. आता समोर कोणी बसलेलं नाही.