आमसुलाचा रंग

"आतड्याचा एक भाग काळा पडला होता, तो काढला," सर्जन म्हणाले. "नेक्रोसिस. म्हणजे तेवढं आतडं मेलं होतं."

मी "बरं" म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या तरी आतड्याबद्दल बोलणं चाललंय, असं वाटत होतं.

माझी मूत्रपिंडं आधीच थकलेली. त्यात रक्तातलं पोटॅशियम वाढलं. हा एक क्षार. तो फार चढला तर हृदय थांबतं. डायलिसिस, म्हणजे यंत्रानं रक्त धुणं, रत्नागिरीत नव्हतं. मुंबईला नंबर लागेपर्यंत डॉक्टरांनी रेझिनची पूड दिली. ती पोटॅशियम धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. ती आत साचू नये म्हणून सोबत सॉर्बिटॉल हे गोड औषध.

पूड मांडवीच्या वाळूसारखी दाताखाली यायची. माझ्यासाठी मालगुंडहून आलेल्या नणंदबाई, मालूवन्सं, तोंडाला चव यावी म्हणून वर घोटभर आमसुलाचं सार द्यायच्या. तेवढं चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

मग पोटात दुखू लागलं. शौचाला लाल झालं. मी वन्संना सांगितलं.

"अगो वहिनी, आमसुलाचा रंग तो. घाबरतेस काय?"

मला पटलं. ज्याचा डाग पातळावरून धुऊन जात नाही, तो पोटातून तरी कसा जाईल? पूड चालू राहिली, सारही. पोट फुगून ताप चढला तेव्हा ह्यांनी रिक्षा आणली.

"पुडीनं आतून जखमा झाल्या," सर्जन म्हणाले. "क्वचित होतं असं. पण ती दिली नसती तर हृदयाचा भरवसा नव्हता."

मग रागवायचं कुणावर? वन्सं कॉटशी बसून रडल्या. मी पंख्याकडे बघत होते.

ही पूड ज्यांना चालू आहे त्यांनी ती मनानं बंद करू नये. पण पोट दुखलं, शौचाला लाल किंवा काळं झालं, तर घरात तर्क लढवत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

माझी आता कोलोस्टमी आहे. आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला पिशवी लावलीय. पोटॅशियम पथ्यावर कसंबसं आवरलंय आणि मुंबईचा नंबर लागलाय. पिशवीकडे मी बघत नाही. लग्न झाल्यापासून ह्यांनी स्वतःचं ताट कधी उचललं नाही, पण रोज सकाळी पिशवी तेच सोडवतात. खिडकीशी नेऊन उजेडात निरखतात.

"पिवळं आहे," म्हणतात. मग मी घोटभर चहा मागते.

परवा ते बराच वेळ खिडकीशीच उभे राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. आपण घाबरलोय, हे मला हळूहळू उमगलं. ऑपरेशनला नेतानासुद्धा मी घाबरले नव्हते.

"चष्मा सापडत नव्हता गं," ते म्हणाले. "पिवळंच आहे."

तेव्हा कुठे मला रडू आलं. चहा त्यांनी न मागताच आणला.